दूधपेढीत चटणी

घराबाहेर पडताना अंबिका गॅसचं बटण तीनदा तपासते. एकदा डोळ्यांनी, एकदा हातानं आणि तिसऱ्यांदा लावलेलं कुलूप पुन्हा काढून. पाळण्याची दोरी झिजली नाही ना, दुपट्यात मुंगी नाही ना, पंख्याचा नट ढिला नाही ना, हे तर ती झोपेतही बघत असावी. तिचा नवरा संगमेश्वर मुरुडच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. त्याचं म्हणणं असं, की आपल्या घरी चोर आला तर तोसुद्धा जाताना गॅस बघूनच जाईल.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच एक वस्तू न तपासता उचलली, आणि नेमक्या त्याच वस्तूसाठी अख्खी एसटी गातेगावला न थांबता लातूरला पोचली.

वस्तू म्हणजे एक निळा डबा. लस ठेवतात तसला, जाड भिंतींचा, झाकणावर तापमानाचे आकडे दाखवणारी छोटी काच असलेला. एका बाजूला लाल स्टिकर होतं: 'मानवी दूध. जपून हाताळा. उघडू नये.' त्यातला 'दूध' हा शब्द घासून घासून केव्हाच उडाला होता. हे लक्षात ठेवावं, कारण अंबिकानं ठेवलं नाही.

डबा होता लातूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या मातृदुग्ध पेढीचा. तिथंच चार महिन्यांपूर्वी अंबिकाची अक्की जन्माला आली, सातव्याच महिन्यात, तेराशे ग्रामची. वाटीत मावेल एवढी. पोर काचेच्या पेटीत, आणि आईला दुधाचा थेंब नाही. अकरा दिवस मंजुश्री सिस्टर एका बारीक नळीतून अक्कीला दोन-दोन, तीन-तीन मिली दूध देत होत्या. अंबिकानं विचारलं, "हे कुणाचं?" सिस्टर म्हणाल्या, "बँकेतलं. नाव विचारायचं नाही, नियम आहे." अंबिकाला त्या बायकांना निदान एकेक खण तरी पाठवायचा होता. पण पत्ताच नाही. कुणी लातूरची असेल, कुणी औशाची, कुणी परराज्यातली. अकरा दिवस त्या सगळ्या मिळून अक्कीच्या आया झाल्या आणि कुठं निघून गेल्या कोण जाणे.

मग घरी आल्यावर सासूबाईंनी अळीव, डिंक, खसखस, खोबरं असा काही मारा केला, की दूध अक्कीला पुरून उरायला लागलं. अंबिकानं ठरवलं, आपणही द्यायचं.

आता दान करणं ही सोपी गोष्ट आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनी एकदा करून बघावं. अंबिका पहिल्यांदा गेली ती चुकून 'देणगी विभाग' लिहिलेल्या खिडकीवर.

"दान द्यायचं होतं," ती म्हणाली.

"पंखा, बाकडं का वॉटर कूलर?" खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं.

"दूध."

"दूध मागल्या गेटनं, कॅन्टीनला. सकाळी सातच्या आत."

अंबिका वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे, विद्यापीठात सहावी आली होती. मागल्या गेटनं कॅन्टीनला जाण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. ती वळली आणि जिन्यात पाच मिनिटं उभी राहून मग दूधपेढी शोधत गेली.

तिथं अर्ज होता. रक्ताच्या तपासण्या होत्या. तुमच्या स्वतःच्या बाळाचं पोट भरतंय असा बालरोगतज्ज्ञांचा दाखला हवा होता. तो देताना डॉक्टरांनी अक्कीकडे बघितलं, अक्कीनं त्यांच्या शर्टावर भरल्या पोटाचा पुरावा दिला आणि दाखला लगेच मिळाला. अर्जात 'दान करण्याचे कारण' असा एका ओळीचा रकाना होता. अंबिकानं त्यात अकरा दिवसांची हकिगत लिहायला घेतली, ती समासातून वर चढून 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' या चौकटीत शिरली. मंजुश्री सिस्टरनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण इथं 'स्वेच्छा' एवढंच लिहितात."

पेढीत एक मोठा फ्रीजर होता. त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'कै. गुरम्मा यांच्या स्मरणार्थ. देणार: गुरुपादप्पा, डाळ मिल, लातूर.' आणि मधोमध विभूतीची तीन बोटं ओढलेली. हे गुरुपादप्पा दर सोमवारी येऊन आईच्या नावाच्या या फ्रीजरला विभूती लावत आणि सिस्टरला विचारत, "अव्वा भरलीय का?" भरली असली तर खुशीत जात. नसली तर दिवसभर मिलमधल्या माणसांवर चिडत. फ्रीजरशेजारी डॉ. पुनम बसायची. तिचा प्रबंध याच दुधावर होता. कुठल्या दुधानं कमी दिवसांच्या बाळाचं वजन कसं वाढतं, असं काहीतरी. प्रत्येक दात्रीच्या दुधातला चमचाभर नमुना तिला लागायचा, आणि तो घेताना ती असा काही श्वास रोखायची, की अंबिकाला ती एकदम आपल्यातली वाटली.

निघताना सिस्टरनी निळा डबा आणि दहा निर्जंतुक बाटल्या दिल्या. "भरलेल्या तेवढ्या आणा. उरलेल्या सील न तोडता परत. डबा एकदा बंद केला, चिकटपट्टी लावली, की इथं येईपर्यंत उघडायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"मी तर मुळीच नाही," अंबिका म्हणाली. नियम पाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढं जे झालं ते नियम पाळल्यामुळंच झालं.

मुरुडात बातमी पोचायला वेळ लागत नाही. शेजारच्या केवळाबाई दुसऱ्या दिवशी ओट्यावर हजर.

"माय, दूध कुनी वाटत असतंय का? लेकराचा वाटा हाय त्यो. नजर लागली मंजी बसशील कपाळाला हात लावून."

"काकू, अक्कीनं पण दुसऱ्यांचंच पिलं होतं ना?"

केवळाबाई गप्प झाल्या. हे त्यांच्या बाबतीत वर्षातून एखाद्या वेळी घडतं. तिसऱ्या दिवशी त्या शेवग्याचा पाला घेऊन आल्या. "भाजी कर याची. दूध वाढतंय. द्यायचंच हाय तर हात राखून कशापायी?" मुखेडहून अंबिकाच्या आईनं फोनवर विचारलं, "तुझ्या सासूबाईंना चालतंय का हे सगळं?"

सासूबाई, म्हणजे पार्वतम्मा, यावर एकच वाक्य बोलल्या होत्या. "माझ्या नातीनं अकरा दिवस लोकाचं पिलंय. परत करायचं." एवढं बोलून त्या भाकरी थापायला बसल्या, आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

पण परत करणं या बाबतीत पार्वतम्मांची स्वतःची राज्यघटना आहे. त्यांच्या घरातून शेजाऱ्याची वाटी कधी रिकामी परत गेलेली नाही. शिऱ्याची वाटी आली तर तीत साखर जाते, आंब्याची पाटी आली तर तीत भुईमुगाच्या शेंगा. गॅसवाला रिकामी टाकी न्यायला येतो तेव्हा त्या टाकीच्या कड्यात कढीपत्त्याची डहाळी खोवलेली असते. रिकामं भांडं परत करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं, असं त्या मानतात. हे अंबिकाला पाच वर्षांपासून माहीत होतं. ती एवढ्या गोष्टी तपासते, ही एक तपासायची राहिली.

तीन आठवड्यांत सहा बाटल्या भरल्या. फ्रीजरच्या कप्प्यात त्या ओळीनं उभ्या, तारखा टाकलेल्या. उरलेल्या चार सीलबंद बाटल्या निळ्या डब्यात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

सोमवारी सकाळी मंजुश्री सिस्टरांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"अंबिकाताई, आज आणता येईल का? काल जुळी आलीत. एक साडेअकराशे ग्रामची, एक बाराशेची. आई आयसीयूत आहे. साठा बुधवार संध्याकाळपर्यंतच पुरेल. आज दोन वाजता मशीन लावणार. दूध तापवून, तपासून बुधवारी हाती येतं. आजचं चुकलं तर मशीन थेट गुरुवारी, म्हणजे दूध शनिवारी."

अंबिकाला हिशेब समजावून सांगावा लागला नाही. बुधवार रात्र ते शनिवार. तेवढ्या वेळात साडेअकराशे ग्रामच्या जिवाचं काय काय होऊ शकतं हे तिनं काचेला नाक लावून अकरा दिवस बघितलं होतं.

घरात धावपळ उडाली. अक्कीला पहिल्यांदाच चार-पाच तास घरी ठेवून जायचं होतं, म्हणून अंबिकानं सूचनांचा कागद लिहायला घेतला. तो दुसऱ्या पानावर गेला तेव्हा ती आतून ओरडली, "अहो, तेवढ्या बाटल्या डब्यात भरून पट्टी लावा. साडेदहाची गाडी आहे!"

संगमेश्वर शाळेच्या घाईत होता. त्यानं ओट्यावरचा निळा डबा उघडला. आत बर्फाच्या थंड पिशव्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या बाटल्या. बायकोनं आधीच भरून ठेवलंय आणि आता विसरून ओरडते आहे, असं त्याला वाटलं. लग्नाला पाच वर्षं झालेला नवरा अशा वेळी वाद घालत नाही. त्यानं झाकण लावलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि शाळेत गेला.

अंबिका बाहेर आली, सीलबंद डबा बघितला. हात पट्टीपर्यंत गेला. पण नियम म्हणजे नियम. तिनं गॅस तीनदा बघितला आणि डबा उचलला.

गाडीला गर्दी होती. डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. शेजारी रामलिंग नावाचे एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. गातेगावला उतरणार होते. पुतणीला बघायला पाहुणे येणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून निघाले होते. दहा मिनिटं त्यांनी डब्याकडे बघून कळ काढली.

"कुल्फी हाय का, ताई?"

"नाही."

"मग लस असंल."

"नाही हो."

आता खरं सांगायला काय हरकत होती? 'अभिमानानं सांग, यात लाजण्यासारखं काय आहे' असं संगमेश्वरनंच बजावलं होतं. स्वतः मात्र शिक्षकांच्या खोलीत त्यानं 'घरचं जरा वैद्यकीय काम' असं सांगितलं होतं. अंबिकानं तोंड उघडलं. समोरच्या बाकावर तीन कॉलेजची मुलं, मागं तंबाखू मळणारे दोघे. तिनं तोंड मिटलं आणि खिडकीबाहेरचं सोयाबीन बघू लागली.

रामलिंगांनी चष्मा लावून स्टिकर वाचलं. "मानवी... जपून हाताळा... उघडू नये." मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पेशंट कुठं हाय, ताई?"

"लातूरला."

"टाइम किती हाय आपल्याकडं?"

"दोनच्या आत पोचायला हवं."

दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. अंबिका खोटं बोलत नाही.

"मूत्रपिंड हाय!" रामलिंगांनी मागं वळून सांगितलं. ते मूत्रपिंड पाचव्या बाकावर गेलं, तिथून कंडक्टरकडे, आणि ड्रायव्हरपर्यंत पोचेतो त्याचं काळीज झालं होतं. पुण्याहून आलेलं, आणि अजून धडधडत असलेलं. तंबाखू मळणाऱ्यांनी तंबाखू पुडीत परत टाकली. एका म्हातारीनं पदराच्या गाठीतली विभूती काढून डब्याला लावली. अंबिका "अहो, तसं नाही" म्हणाली, तर तिला कुणीतरी पाणी दिलं. "बोलू नका ताई, तरास होतोय तुमाला. घरचंच मानूस हाय का?"

ड्रायव्हरनं गाडी अशी काढली, की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा समजून बाजूला झाल्या.

"गातेगाव! गातेगावचं कोन हाय?" कंडक्टर ओरडला.

"म्या हाय," रामलिंग उठले. त्यांनी डब्याकडे बघितलं, आपल्या सदऱ्याकडे बघितलं. "सोयरीक व्हायची तवा हुईल. हाना गाडी!"

मागून कुणीतरी "आमालाबी हितंच—" असं काहीतरी म्हणालं, पण त्यांचा आवाज टाळ्यांत बुडाला. गाडी थांबली नाही.

लातूरच्या स्टँडवर रिक्षावाल्याला प्रवाशांनीच परिस्थिती समजावली. रामलिंग पुढं त्याच्याशेजारी बसले. "आता शेवटपतूर सोबत करतो," म्हणाले. अंबिकानं ठरवलं होतं की दवाखान्याच्या दारात त्यांना खरं काय ते सांगायचं आणि माफी मागायची. पण रिक्षा थांबताच त्यांनी डबा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि "सरका, सरका" करत आत घुसले.

पेढीत सगळे वाट बघत होते. गुरुपादप्पा विभूती लावून नुकतेच बसले होते. डॉ. पुनम हातमोजे घालून, कागद पुढं ओढून तयार होती. मंजुश्री सिस्टरनी काच बघितली. "सात डिग्री? जरा जास्तच वाटतंय." त्यांनी पट्टी कापली, झाकण काढलं, वर्तमानपत्राची घडी उलगडली.

पहिल्या बाटलीत लालसर भुकटी होती. दुसरीतही. तिसरीत आणि चौथीत जरा काळपट. निर्जंतुक खोलीत लसणाचा असा सणसणीत वास सुटला, की दारातल्या वॉर्डबॉयला पटकन भूक लागली.

डॉ. पुनमचा हात सवयीनं चालत राहिला. 'रंग' या रकान्यात तिनं लिहिलं, 'तांबूस'. 'वास' या रकान्यात लिहिलं, 'लसूण'. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"हे काळीज हाय?" रामलिंगांनी विचारलं.

अंबिकानं घरी फोन लावला.

"पोचली का गं चटनी?" पार्वतम्मांचा आवाज खणखणीत. "दोन शेंगदान्याच्या हायती, दोन जवसाच्या. सिस्टरला म्हनावं वरून तेल टाकून खा. बाटल्या राखेनं घासून उनात वाळवून घेतल्यात, काळजी करू नकू."

"आत्याबाई, दूध कुठंय?"

"फ्रीजात हाय की! ओळीनं हुभं हाय. म्या म्हनलं, आज नुस्त्या मोकळ्या बाटल्या द्याया चाललीस. एवढ्या मायेनं दिलेल्या बाटल्या रिकाम्या कशा धाडायच्या?" मग थोडं थांबून, "पन लाइट न्हाई गं. साडेधा वाजल्यापून गेलीय. आज दुरुस्तीचा वार हाय म्हनं."

घड्याळात बारा वाजले होते. अंबिका स्टुलावर बसली. गॅसचं बटण, सगळ्या मुंग्या, सगळे नट तपासून झाले होते आणि मुरुडात सहा बाटल्या हळूहळू वितळत होत्या. काचेपलीकडं, चार पावलांवर, दोन पेट्यांत दोन जीव होते. नखाएवढे तळवे. त्यातल्या एकानं जांभई दिली.

"माझ्यामुळं," ती म्हणाली. "मी एकदा बघायला हवं होतं."

"रडायचं मागून," गुरुपादप्पा उठले. "वितळलं न्हाई अजून. बंद फ्रीज दोन-तीन तास धरतो, माझी मिल हाय, मला ठाव हाय. न उघडता ठेवा म्हनावं." त्यांनी मिलच्या टेम्पोवाल्याला फोन लावला. "चंद्रप्पा! मुरुडच्या आडतीत हाईस ना? किती पोती भरली? राहू दे बाकीची. मास्तर संगमेश्वरचं घर इचार अन् तिथं म्हातारी सांगंल ते उचल. दोनच्या आत अव्वापुढं पाह्यजे. अव्वा रिकामी हाय आज!"

मग अंबिकानं सासूला फोनवर सांगितलं ते एवढंच: जुळ्यांचं वजन, आणि दोन वाजता लागणारं मशीन. "बर्फ कुठून आणायचा, कसा बांधायचा..." ती सूचना सुरू करणार, तोच पलीकडून, "ठिव फोन, कळलं," आणि फोन बंद.

पुढचा दीड तास कसा गेला हे अंबिकाला विचारू नये. तिनं खिडकी सतरा वेळा उघडली. घरी अक्की एकटी आहे का, सासूबाई टेम्पोत बसल्या तर अक्कीला कुणी घेतलं, गोधडीत गुदमरली तर, चंद्रप्पाचं लायसन्स आहे का, हे सगळं तिच्या डोक्यातून आळीपाळीनं गेलं. रामलिंग बाकावर बसून होते. खरं काय ते कळल्यावर ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "मंजी त्यात लाजायचं काय हाय? म्या लहानपनी चुलतीचं पिऊनच जगलो. गाडीत सांगितलं असतं तरी गाडी थांबू दिली नसती."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गातेगावहून भाऊ होता. फोन ठेवताना रामलिंगांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून अंबिका घाबरली.

"पाव्हने अजून पोचलेच न्हाईत म्हनं," ते म्हणाले. "लातूरच्या स्टँडवर हुभे हायत. म्हनले, आमची गाडी गातेगावला थांबलीच न्हाई, कुनाचं तरी काळीज चाललं होतं!"

दोनला पंधरा मिनिटं असताना खाली हॉर्न वाजला. तुरीच्या पोत्यांनी अर्धा भरलेला टेम्पो. पुढं पार्वतम्मा, मांडीवर अक्की, कुंची घट्ट बांधलेली, जागी आणि प्रवासावर खूश. मागं पोत्यांवर केवळाबाई, एका मोठ्या गाठोड्याला दोन्ही हातांनी कवटाळून. वाटेत एकदाही हात सुटले नाहीत, हे त्यांनी उतरण्याआधीच तीनदा सांगितलं.

गाठोडं उलगडायला सुरुवात झाली. वरची गोधडी, आत गोणपाट, गोणपाटात तुरीचा भुसा, भुशात रसवंतीवरून आणलेला बर्फ, आणि बर्फात रुतवलेला पार्वतम्मांचा पितळी डबा.

"माझा बाप लग्नाला बर्फाची लादी न्यायचा, बैलगाडीतून, भर चैतात," पार्वतम्मा भुसा झटकत म्हणाल्या. "असाच भुसा. सकाळी निघालेली लादी सांजच्याला निम्मी तरी शाबूत. तुमच्या त्या निळ्या डब्याचं काय सांगताव?"

मंजुश्री सिस्टरनी पितळी डबा उघडला. एक बाटली उचलली आणि तिच्यावर बोटाचं पेर मारलं. ठक. दुसरीवर. ठक. सहाही बाटल्या दगडासारख्या.

"जमलं," सिस्टर म्हणाल्या.

अंबिकानं अक्कीला उचललं. दोन कान, दोन तळवे, वीस बोटं, सगळं मोजलं. बरोबर भरलं. तेव्हा कुठं तिनं सकाळपासून धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि तो इतका मोठा होता, की अक्की दचकून हसली. डॉ. पुनमनं नमुने घेतले, आणि मग वहीच्या शेवटच्या पानावर हळूच लिहिलं, 'तुरीचा भुसा: किती तास?' दोन वाजता मशीन लागलं. गुरुपादप्पांनी फ्रीजरला पुन्हा एकदा विभूती लावली आणि त्याच्या कानाशी, म्हणजे कडीपाशी, वाकून म्हणाले, "भरली गं अव्वा."

निर्जंतुक खोलीच्या बाहेर, व्हरांड्यात, चंद्रप्पाच्या डब्यातल्या भाकरींबरोबर चटणीच्या चारही बाटल्या संपल्या. मशीन गुणगुणत असताना सिस्टर, डॉक्टर, डाळ मिलचे मालक आणि रामलिंग असे एका ओळीत खाली बसले होते. रामलिंगांनी पाहुण्यांनाही तिथंच बोलावून घेतलं. सोयरीक दवाखान्याच्या व्हरांड्यात ठरली, पाहुण्यांना चटणी फारच आवडली म्हणून की काय, कोण जाणे. पार्वतम्मा एवढंच म्हणाल्या, "बघ, रिकामं धाडलं असतं तर?"

बुधवारी सिस्टरांचा फोन आला, 'तपासणी चोख, दूध चालू केलं', तेव्हा अंबिकानं ते त्यांना तीनदा सांगायला लावलं.

महिन्याभरानं पेढीतून पुढचा निळा डबा घरी आला. स्टिकर नवं होतं, 'दूध' शब्द जागेवर. अंबिकानं दारातच तो उघडून तपासला. आत दहा नव्या निर्जंतुक बाटल्या, आणि बाजूला, वेगळ्या पिशवीत, त्या चटणीच्या चार जुन्या बाटल्या. घासून लख्ख केलेल्या. रिकाम्या नव्हत्या. चारही साखरेनं काठोकाठ भरलेल्या. एकीला कागद चिकटवला होता. नाव नाही, गाव नाही. नुसतं लिहिलेलं: 'एक १९२० ग्राम. एक १८८०. दोघी घरी.'

तिनं सिस्टरना फोन केला.

"नियम आहे, विचारायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. मग राहवलं नाही. "त्या जुळ्यांची आजी आली होती न्यायला. या बाटल्या कपाटात दिसल्या. म्हटलं, असू द्या, दुसऱ्या दात्यांच्या आहेत. तर म्हणाली, 'रिकाम्या कशा धाडायच्या?' ऐकेचना."

अंबिकानं फोन ठेवला. डोळे पुसले. अक्कीकडे बघितलं. तिला अकरा दिवस पाजणाऱ्या बायकांचा पत्ता तिला कधीच मिळणार नव्हता, आणि आज पहिल्यांदा त्यावाचून काही अडतंय असं तिला वाटलं नाही.

पार्वतम्मांनी साखर डब्यात ओतून घेतली, चिमूटभर चहात टाकली, चिमूटभर अक्कीच्या ओठांकडे निघाली होती ती अंबिकानं वाटेतच अडवली. मग म्हातारीनं चारही बाटल्या उजेडात धरून बघितल्या. समाधानानं मान हलवली, आणि कोनाड्यातला कारळांचा डबा खाली काढला.

"आत्याबाई!" अंबिका ओरडली.

आणि निळा डबा उचलून, पट्टी न लावता, ती तो दुसऱ्या खोलीत घेऊन गेली. आणि दाराची कडी लागली का, हे तीनदा बघितलं.